डेक: लाकूड, पाणी आणि डेहराडूनचं औषध

ज्यांना आत्ता कानात इअरफोन घालता येत नाहीत, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय. बाकी सगळं जसं बोललो तसंच आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. एप्रिल संपत आला होता. बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. बाबा म्हणजे राजापूरकडचे सुतार, चाळीस वर्षं रंधा मारलेला माणूस. त्यांना नुसतं बसवून ठेवणं ही शिक्षाच. त्यामुळे घरामागचा जुना डेक पाडून नवा बांधायचं काम आम्ही दोघांनी काढलं. जुन्याचा कठडा हलत होता, दोन फळ्या मऊ पडल्या होत्या. पहिल्या दिवशी आम्ही वरच्या फळ्या उचकटल्या. संध्याकाळी गारठा पडला. बाबांनी चार फळ्या फोडल्या, अंगणातल्या लोखंडी शेगडीत रचल्या आणि माझ्याकडे काडेपेटी मागितली. कोकणात जुनं लाकूड बंबात जातं, त्यामुळे त्यांना त्यात वावगं काहीच वाटलं नाही. मलाही नाही.

मी काडी ओढणार इतक्यात शेजारचे आजोबा कुंपणावरून ओरडले, "ते जाळू नका! त्यात आर्सेनिक आहे."

आर्सेनिक. म्हणजे सोमल. ज्या फळ्यांवर बसून माझी तीन वर्षांची मुलगी दोन उन्हाळे द्राक्षं खात होती, त्या फळ्यांत सोमल!

त्या रात्री मी फोन घेऊन शोधत बसलो. हे विष लाकडात आलं कुठून? आणि शोधता शोधता पोचलो थेट डेहराडूनला, १९३३ सालात. आजची गोष्ट त्या प्रवासाची. म्हणजे अमेरिकेतल्या घराघरामागे दिसणाऱ्या एका साध्या लाकडी ओट्याची.

पुढचं अंगण मागे कसं गेलं

डेक म्हणजे काय, ते आधी सांगतो. घराच्या मागच्या दाराला लागून, जमिनीपासून उचललेला, बहुतेक वेळा वर छप्पर नसलेला लाकडी ओटा. शब्द जहाजावरून आलाय. आपल्या ओट्याचा हा चुलतभाऊ म्हणा. फरक एकच, पण मोठा: ओट्याचं तोंड रस्त्याकडे असतं आणि डेकची रस्त्याकडे पाठ असते.

अमेरिकेतही आधी असं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या घराला पुढे पोर्च असायचा. अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग नावाच्या माणसाने १८५० साली घरांच्या आराखड्यांचं एक गाजलेलं पुस्तक काढलं. खुल्या व्हरांड्याचा तो मोठा पुरस्कर्ता. उकाड्यात माणसं पोर्चवर बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची. अगदी आपल्या ओटीवर, पडवीत बसल्यासारखं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात जी छोटी घरं लोकप्रिय झाली, त्यांचं नाव 'बंगलो'. हा शब्द आपल्याकडच्या बंगल्याचाच. त्या बंगल्यांनाही पुढे ऐसपैस पोर्च होता.

मग दुसरं महायुद्ध संपलं. परतलेल्या सैनिकांना सरकारने घरासाठी स्वस्त कर्जाची सोय करून दिली आणि शहरांबाहेर घरांचं पीक आलं. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ मध्ये लेव्हिटाउन सुरू झालं. सुमारे ७५० चौरस फुटांची एकसारखी घरं, ६० बाय १०० फुटांचे प्लॉट. घर लहान, पोर्च नाही, पण मागे मोकळी जागा भरपूर. रस्त्यावर आता मोटारी आल्या होत्या. त्यांचा आवाज आणि धूर खात पुढे कोण बसणार? पुढे टीव्ही आला, एसी आला, आणि माणसं रस्त्याकडे पाठ करून मागच्या अंगणात गेली.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. लेव्हिटाउनच्या सुरुवातीच्या करारांत असं कलम होतं की गोऱ्यांशिवाय कुणी त्या घरात राहायचं नाही. अपवाद फक्त घरातल्या नोकरांचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्येच, भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात, कायद्याच्या दृष्टीने भारतीय माणूस 'गोरा' नाही असा निकाल दिला होता. म्हणजे ज्या मागच्या अंगणाचं कौतुक मी आज सांगतोय, त्यात तेव्हा मला आणि बाबांना जागा नव्हती. असली कलमं कोर्टातून बजावून घेता येणार नाहीत, हे १९४८ मध्ये ठरलं. प्रत्यक्षातली दारं उघडायला आणखी बरीच वर्षं गेली.

उतारावरचं अंगण

सपाट जागा असेल तर मागे फरशी घातली की झालं. पण उतार असेल तर? हा प्रश्न कॅलिफोर्नियात जास्त होता. सॅन फ्रान्सिस्कोचे बागरचनाकार टॉमस चर्च यांनी त्याला सुरेख उत्तर दिलं. डोंगर कापायचा नाही, भराव टाकायचा नाही. खांब रोवायचे आणि त्यावर लाकडी जमीन तरंगत ठेवायची. सोनोमा इथली डॉनेल कुटुंबाची बाग त्यांनी १९४८ मध्ये केली, सोबत तरुण लॉरेन्स हॅलप्रिन होते. तिथल्या डेकमध्ये ओकची जुनी झाडं तोडली नाहीत. लाकडात भोकं ठेवून झाडं त्यातून वर येऊ दिली. ही बाग मासिकांतून खूप गाजली. चर्च यांच्या १९५५ च्या पुस्तकाचं नावच 'गार्डन्स आर फॉर पीपल'. बाग बघायला नाही, राहायला असते, हा त्यांचा आग्रह.

आमचंही तेच. मागचं दार जमिनीपासून चार फूट वर आणि पुढे उतार. म्हणून डेक.

पण चर्च यांच्याकडे एक गोष्ट होती जी बाकी अमेरिकेकडे नव्हती: रेडवूड. कॅलिफोर्नियातलं हे लाल लाकूड मुळातच कुजायला कंटाळा करतं. आपल्या सागवानासारखं. सागवानाची ताकद बघायची असेल तर मुंबईच्या गोदीत बांधलेलं आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज बघा. इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ते आजही तरंगतंय.

बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "सागवान का नाही आणत?" मी भाव सांगितला. मग ते परत बोलले नाहीत.

सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारं लाकूड म्हणजे पाइन. स्वस्त, हलकं, कापायला सोपं. पण उघड्यावर, पावसात, मातीला टेकून ठेवलं तर काही वर्षांत बुरशी आणि वाळवी त्याचा भुगा करते. डेक घराघरात पोचायचा असेल, तर कुणीतरी पाइनला सागवान बनवायला हवं होतं.

डेहराडूनचं औषध

ते काम झालं भारतात, आणि कुणाच्या बागेसाठी नाही तर वाळवीमुळे.

ब्रिटिशांच्या भारतात रेल्वेला स्लीपर लागत, तारायंत्राला खांब लागत. आणि आपल्याकडची वाळवी तुम्हाला माहीतच आहे. लाकडाला दाबाने औषध पाजायची युक्ती जुनी होती. इंग्लंडमध्ये जॉन बेथेल यांनी १८३८ मध्येच तिचं पेटंट घेतलं. लाकूड मोठ्या लोखंडी नळकांड्यात बंद करायचं, आतली हवा ओढून घ्यायची आणि मग दाबाने औषध आत ढकलायचं. पण तेव्हाचं औषध म्हणजे क्रिओसोट. काळं, वास मारणारं, हाताला लागणारं. पाण्यात विरघळणारी क्षारांची औषधं स्वच्छ होती, पण पाऊस आला की धुऊन जायची.

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत काम करणाऱ्या सोंटी कामेसन यांनी १९३३ मध्ये यावर तोड काढली. तीन गोष्टींचं मिश्रण: तांबं, आर्सेनिक आणि क्रोमियम. तांबं बुरशीला मारतं. आर्सेनिक वाळवीला मारतं, आणि तांब्याला न जुमानणाऱ्या बुरशीलाही. आणि क्रोमियम? तो खरा हुकमाचा पत्ता. त्याची लाकडाशी रासायनिक क्रिया झाली की तो बाकीच्या दोघांना लाकडातच बांधून टाकतो. पाण्यातून आत जातात, पण मग पाण्याने सहज बाहेर येत नाहीत. या औषधाचं एक नाव 'ॲस्क्यू'. आर्सेनिक आणि तांबं यांची रसायनशास्त्रातली चिन्हं जोडून केलेलं. जगात ते सीसीए म्हणून ओळखलं गेलं, म्हणजे क्रोमेटेड कॉपर आर्सेनेट. अमेरिकेतलं पेटंट १९३८ चं.

सुरुवातीला ते खांबांसाठीच वापरलं गेलं. पण १९७० च्या दशकापासून अमेरिकेच्या घरगुती बाजारात त्याचंच राज्य झालं. दुकानात जा, हिरवट झाक असलेली पाइनची फळी घ्या, गाडीच्या टपावर बांधा, आणि सुट्टीच्या दोन दिवसांत मेव्हण्याला हाताशी घेऊन डेक ठोका. चर्च यांचं श्रीमंतांच्या बागेतलं तरंगतं अंगण मास्तर, प्लंबर, नर्स सगळ्यांच्या घरामागे आलं. डेहराडूनच्या प्रयोगशाळेतल्या त्या मिश्रणाशिवाय हे इतक्या स्वस्तात झालं नसतं.

हे बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे औषध आपल्याकडचंच." आणि थोड्या वेळाने, "पण रे, स्लीपरवर पोरं जेवत नाहीत."

नेमकं तेच झालं होतं. औषध लाकडात बांधलं जातं हे खरं, पण शंभर टक्के नाही. थोडं पावसाबरोबर खालच्या मातीत उतरतं, थोडं पृष्ठभागावरून हाताला लागतं. खांबाला कुणी हात चोळत बसत नाही. पण डेकवर मुलं रांगतात आणि हात तोंडात घालतात. बरीच चर्चा झाली आणि फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जाहीर केलं की उत्पादक घरगुती वापरासाठी सीसीए बंद करतायत. शेवटची तारीख ३१ डिसेंबर २००३. आमचा जुना डेक त्याच्या कितीतरी आधीचा.

घाबरू नका, मी तेव्हा पुरेसा घाबरलोय. त्या संस्थेनेही जुने डेक सरसकट पाडायला सांगितलं नव्हतं. खेळून आल्यावर मुलांचे हात धुवा, खाणं थेट फळीवर ठेवू नका, लाकडावर वेळोवेळी लेप द्या, आणि ते लाकूड कधीही जाळू नका, असा सल्ला होता. जाळलं की आर्सेनिक धुरात आणि राखेत मोकळं होतं. मुलीच्या डॉक्टरांनीही मला शांत केलं. आम्ही शेगडीतल्या फळ्या गुपचूप उचलल्या आणि सगळा ढीग कचरा डेपोत जमा केला.

मला वाटलं, संकट टळलं. खरं संकट दुसऱ्या दिवशी दिसलं.

नुसतं चिकटवलेलं

वरच्या फळ्या गेल्यावर खालचा सांगाडा उघडा पडला. बाबा वाकून बघत म्हणाले, "अरे, हा तर कडीपाट!" खरंच. खांब, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या. आपल्या जुन्या घरांच्या माळ्याखाली जे असतं, तेच.

मग ते घराच्या भिंतीपाशी गेले आणि गप्प झाले. डेकची बाहेरची बाजू तुळईवर टेकते, पण घराकडची बाजू एका जाड आडव्या फळीवर असते. ही फळी घराच्या भिंतीला जोडलेली असते. तिला इथे लेजर म्हणतात. बाबा म्हणाले, "आपली कडी भिंतीच्या आत शिरते. तिला खालून आधार असतो. हे तर नुसतं चिकटवलंय." त्यांनी कटावणी घातली. जोर लावावाच लागला नाही. लेजरचं एक टोक घरापासून सुटून खाली आलं.

एकही बोल्ट नव्हता. सगळे खिळे, आणि गंजून सुईसारखे झालेले. वर्षानुवर्षं पावसाचं पाणी लेजर आणि भिंत यांच्यामध्ये उतरत होतं, आणि मागचं लाकूड चहात बुडवलेल्या टोस्टसारखं झालं होतं. आदल्या ऑगस्टमध्ये मुलीच्या वाढदिवसाला याच डेकवर वीस-बावीस माणसं उभी होती. माझी आईसुद्धा.

विषाची मला भीती वाटली, कारण त्याला नाव भीतीदायक आहे. पण जीव गेला असता तो खिळ्यांमुळे.

आणि असे जीव गेलेत. शिकागोत २९ जून २००३ च्या रात्री एका पार्टीत इमारतीच्या मागचा तीनमजली लाकडी पोर्च कोसळला. १३ तरुण मुलं-मुली गेली. गर्दी जास्त झाली की बांधकाम वाईट होतं, यावर वाद झाले. शहराने बांधकामातल्या दोषांवर बोट ठेवलं. कॅलिफोर्नियात बर्कलीला १६ जून २०१५ रोजी पाचव्या मजल्यावरची बाल्कनी तुटली आणि ६ विद्यार्थी गेले, बहुतेक आयर्लंडहून सुट्टीत आलेले. तिथलं लाकूड आत शिरलेल्या पाण्याने कुजलं होतं, आणि वरून काही दिसत नव्हतं.

खिळा असा का दगा देतो? वरून सरळ खाली येणारं वजन तो बऱ्यापैकी झेलतो. पण त्याला बाहेरच्या दिशेने ओढलं तर तो आला तसाच निघून येतो. लोक नाचतात, एका बाजूला रेलतात, सांगाडा झुलतो आणि लेजर भिंतीपासून थोडी थोडी सुटत जाते. म्हणून आता लेजरला आरपार बोल्ट किंवा त्याच कामासाठी बनवलेले जाड स्क्रू लागतात, आणि वर पत्र्याची पन्हळ लागते, म्हणजे पाणी मागे उतरत नाही.

आम्ही बांधला तो

आधी नकाशा काढला, कारण नगरपालिकेची परवानगी लागते. आधी मला ही कटकट वाटत होती. लेजर हातात आल्यावर वाटली नाही.

आमचा डेक १२ बाय १६ फुटांचा, म्हणजे १९२ चौरस फूट. इथला नियम म्हणतो, दर चौरस फुटाला माणसं आणि सामान मिळून ४० पौंड वजन धरा. गुणाकार केला तर ७,६८० पौंड, जवळपास साडेतीन टन. सत्तर किलोची पन्नास माणसं. त्यातला साधारण अर्धा भार घराकडच्या त्या एका फळीवर. हा आकडा मी बाबांना किलोत सांगितला. त्यांनी फक्त मान हलवली आणि बोल्ट मोजायला घेतले.

खड्डे खणायच्या आधी ८११ नंबरला फोन केला. इथे ते लोक येऊन जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या लाइनी रंगाने आखून देतात. खड्डे तीन फूट खोल. "एवढे कशाला?" बाबांचा प्रश्न रास्त होता, कोकणात जांभा दोन फुटांवर लागतो. पण इथे हिवाळ्यात मातीतलं पाणी गोठतं, फुगतं आणि उथळ पाया वर उचलतं. पाया गोठणाऱ्या मातीच्या खाली जायलाच हवा. काँक्रीट ओतायच्या आधी पालिकेचा माणूस टेप घेऊन आला, प्रत्येक खड्डा मोजला, आणि मगच गेला.

काँक्रीटवर लोखंडी बैठक आणि तिच्यावर खांब, म्हणजे लाकूड ओल्याला टेकत नाही. बाबांना हे समजावून सांगायची गरज पडली नाही. जुन्या घरात खांबाखाली दगडी उथाळा असतो, तो याचसाठी.

आताच्या लाकडात आर्सेनिक नाही, पण तांबं जास्त असतं. ते साधा खिळा लवकर खातं. म्हणून जाड जस्त चढवलेले किंवा स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू घ्यायचे. आणि औषध फळीच्या गाभ्यापर्यंत पोचलेलं नसतं, त्यामुळे कापलेलं प्रत्येक टोक उघडं पडतं. त्याला ब्रशने वेगळं औषध लावावं लागतं. हे काम कंटाळवाणं असतं आणि नंतर कुणाला दिसत नाही. मी दोन टोकं सोडली. बाबांनी कड्या परत उतरवायला लावल्या. म्हणाले, "होडीला काजूचं तेल लावताना कुणी टोक सोडतो का? पाणी तिथूनच येतं."

कठडा ३६ इंच उंच, उभ्या पट्ट्यांमधली फट ४ इंचांच्या आत, लहान मुलाचं डोकं अडकू नये म्हणून. कड्या १६ इंचांवर. फळ्यांमध्ये फट, पाणी खाली जायला. पाच शनिवार-रविवार लागले. दुकानातला माणूस म्हणाला होता, दोन दिवसांत होईल.

शेवटच्या दिवशी बाबांनी बादलीभर पाणी भिंतीवर ओतलं आणि खाली जाऊन उकिडवे बसले. मुलगीही त्यांच्या शेजारी जाऊन बसली. पाणी पन्हळीवरून पुढे आलं, फटीतून खाली पडलं. लेजरच्या मागे एक थेंब नाही. बाबा दोन बादल्या आणखी ओतेपर्यंत उठले नाहीत. मग म्हणाले, "आता वाढदिवस करा."

या ऑगस्टमध्ये केला. बाबा राजापूरहून व्हिडिओ कॉलवर होते. केक कापून झाल्यावर त्यांनी मला फोन खाली न्यायला सांगितला. मी डेकखाली शिरून एकेक बोल्ट दाखवला.

तुमच्या घरी डेक नसेल, पण गॅलरी असेल. गिरगावातल्या चाळीची लाकडी असेल, नाहीतर गावच्या घराचा माळा असेल. वर उभं राहून ती मजबूतच वाटते. एकदा खाली जाऊन बघा, ती भिंतीला जिथे जोडलीय तिथे. पाणी कुठून येतं, लोखंड कसलं आहे, लाकडात नख रुततं का. काही शंका आली तर जाणकार माणसाला बोलवा, आणि तोवर वर गर्दी करू नका.

आजचा भाग इथेच थांबवतो. तुमच्या घराच्या ओट्याची, पडवीची, गॅलरीची काही गोष्ट असेल तर रेकॉर्ड करून पाठवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!